पुडी, मिक्श्चर आणि हाताने केलेलं मलम

पांढऱ्या कागदाची पुडी आपल्यातल्या बहुतेक घरांत सापडते. बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर, मिसरीच्या डबीशेजारी, नाहीतर आजीच्या बटव्यात. पुडीवर औषधाचं नाव नसतं, तारीख नसते, देणाऱ्याची सही नसते. "दुखायला लागलं की एक घ्यायची", एवढंच सांगितलेलं असतं. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या वस्त्यांमधून या पानाकडे जे प्रश्न येतात, त्यांत या पुडीबद्दलचा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. काहींना वाटतं, कारखान्याच्या पाकिटातल्या गोळीपेक्षा डॉक्टरांनी आपल्या प्रकृतीप्रमाणे बनवून दिलेलं औषध जास्त लागू पडतं. काही म्हणतात, हाताने केलेलं औषध म्हणजे सगळी फसवाफसवी. आम्ही दोन्ही बाजू तपासल्या आणि दोन्ही अर्धवट आहेत असं आमचं मत झालं. चांगले डॉक्टरही अशी औषधं लिहून देतात, पण ठरावीक कारणासाठी आणि काय मिसळलं ते कागदावर मांडून. घोळ होतो तो कागद नसतो तिथे.

आधी हा प्रकार काय आहे तो पाहू. डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात की अमुक औषध इतकं, तमुक इतकं, त्यात इतकं पाणी किंवा इतकं व्हॅसलीन. फार्मासिस्ट ते तोलून, मोजून, खलात घोटून त्या एका रुग्णासाठी तयार करतो. याला कंपाउंडिंग म्हणतात आणि आपला जुना कंपाउंडर हा शब्द त्यातूनच आला. साठी-सत्तरी ओलांडलेल्या वाचकांना तो दवाखाना आठवत असेल. रुग्णाने घरून धुतलेली बाटली न्यायची, कंपाउंडरने मोठ्या बरणीतून लाल किंवा पिवळं मिक्श्चर ओतायचं, बाटलीच्या अंगावर कातरीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. चूक झाली तरी कळायला मार्ग नव्हता, पण त्या काळी तयार गोळ्या फार थोड्या होत्या आणि दुसरा उपायही नव्हता.

पुढे कारखान्यांतून गोळ्या, कॅप्सूल, सिरप येऊ लागले. १९४० चा औषध कायदा आणि १९४५ चे नियम आले, १९४८ मध्ये फार्मसीचा कायदा आला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध मिसळून देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टने करायचं किंवा त्याच्या देखरेखीखाली व्हायचं, अशी व्यवस्था ठरली. आज कराडला शासकीय फार्मसी कॉलेज आहे, दोन्ही जिल्ह्यांत खासगी कॉलेजंही आहेत, आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुलं-मुली डी. फार्म., बी. फार्म. करतात. त्यांना खल-बत्ता, तराजू, मिश्रणाचं गणित हे सगळं शिकवलं जातं. नंतर त्यातली बरीच मेडिकलच्या काउंटरवर पट्ट्या कापत बसतात, किंवा त्यांचं सर्टिफिकेट भिंतीवर लागतं आणि गल्ल्यावर दुसराच कोणी असतो. हा वेगळा विषय आहे, पण इथे तो आठवतोच.

डॉक्टरांना हे औषध कधी हवं असतं

उसाच्या फडातलं उदाहरण घेऊ. कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात तोडणीच्या हंगामात उसाचं पातं डोळ्याला लागणं नेहमीचंच. बुबुळावर ओरखडा उठतो, त्यात जंतू किंवा बुरशी शिरते आणि दोन-चार दिवसांत बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो. याला बुबुळाचा अल्सर म्हणतात. डोळा जातो तो यातच. दुकानात मिळणाऱ्या अँटिबायोटिक थेंबांची ताकद अशा खोल जखमेला कधीकधी अपुरी पडते. तेव्हा नेत्रतज्ज्ञ शिरेतून देण्याच्या इंजेक्शनची पावडर निर्जंतुक पाण्यात ठरावीक प्रमाणात विरघळवून दाट ताकदीचे थेंब तयार करून घेतात. सेफाझोलिनचे थेंब असे केले जातात. बुरशीवरच्या काही औषधांचंही तसंच. हे थेंब तासातासाला, सुरुवातीला रात्रीही घालावे लागतात, फ्रिजमध्ये ठेवावे लागतात आणि डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपले की उरलेले टाकून द्यावे लागतात, कारण त्यांत कारखान्यातल्यासारखं टिकाऊपणाचं द्रव्य नसतं. नेत्रतज्ज्ञांना या हाताने केलेल्या औषधाबद्दल शंका नसते. त्यांचा आग्रह असतो तो ते स्वच्छ जागी, निर्जंतुक पद्धतीने झालं पाहिजे याचा.

त्यांचा राग दुसऱ्याच गोष्टीवर असतो. डोळा लाल झाला की मेडिकलमधून मागून आणलेले थेंब. त्यांतल्या बऱ्याच थेंबांत स्टेरॉईड असतं. त्याने लाली उतरते, बरं वाटतं आणि आत बुरशी माजते. फडातून डोळ्याला लागलं आणि दुसऱ्या दिवशीही टोचत असेल, अंधुक दिसत असेल, तर मिरजेचं शासकीय रुग्णालय, सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालय, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, जे जवळ असेल तिथे नेत्र विभागात जावं. मुकादम सुट्टी देत नाही ही अडचण आम्हाला माहीत आहे. पण एक दिवसाचा खाडा एका डोळ्यापेक्षा स्वस्त पडतो.

दुसरी गरज लहान मुलांची. कारखाने औषध बनवतात ते बहुतेक मोठ्या माणसाच्या मापाने. जन्मतः हृदयात दोष असलेलं तीन किलोचं बाळ असेल तर त्याला लागणारा डोस गोळीच्या दहाव्या हिश्श्याएवढा असू शकतो. अशा वेळी बालरोगतज्ज्ञ लिहून देतात आणि फार्मासिस्ट गोळी खलात बारीक घोटून, दुधाच्या साखरेसारख्या निरुपद्रवी भुकटीत एकजीव करून, तोलून पुड्या बांधतो. म्हणजे पुडी ही वाईटच असं नाही. फरक कशाने पडतो ते बघा. दहा मिलिग्रॅमच्या गोळीच्या दहा पुड्या करायच्या. भुकटी नीट एकजीव झाली तर प्रत्येक पुडीत एक मिलिग्रॅम येईल. नाही झाली तर एका पुडीत दोन जाईल आणि दुसरीत काहीच नाही. मोठ्या माणसाला एवढ्याने फारसा फरक पडत नाही. तीन किलोच्या बाळाला पडतो. म्हणून बालरोगतज्ज्ञ सांगतात की बाजारात मुलांच्या मापाचं तयार औषध असेल तर तेच आधी, पुडी नंतर.

टीबीच्या बाबतीत हेच झालं. जगभर वर्षानुवर्षं मुलांसाठी मोठ्यांच्या गोळ्या फोडून द्याव्या लागायच्या. आता मुलांसाठी पाण्यात विरघळणारी, चवीची, वजनाप्रमाणे किती घ्यायची ते ठरलेली एकत्रित गोळी आहे आणि राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत मिळते. घरात मूल टीबीच्या उपचारावर असेल आणि कोणी अजूनही मोठ्यांची गोळी मोडून द्यायला सांगत असेल, तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारावं.

जन्मतः थायरॉईड कमी असलेल्या बाळांना मात्र गोळीच चुरून द्यावी लागते. चमचाभर दुधात किंवा पाण्यात चुरायची आणि लगेच पाजायची. चार दिवसांचं एकदम करून बाटलीत ठेवायचं नाही, कारण पाण्यात या औषधाची ताकद कमी होत जाते. लोह किंवा कॅल्शियमचं औषध त्याच वेळी द्यायचं नाही.

त्वचारोगतज्ज्ञांची मतं यात थोडी वेगळी असतात. टाचांच्या भेगा, जाड झालेली कातडी, सोरायसिस यांसाठी सॅलिसिलिक ॲसिड व्हॅसलीनमध्ये अमुक टक्के, कोलटार अमुक टक्के असं लिहून देण्याची जुनी पद्धत आहे आणि काही ज्येष्ठ डॉक्टर ती आजही पाळतात. रुग्णाच्या कातडीप्रमाणे ताकद कमी-जास्त करता येते आणि खर्चही कमी येतो, असं त्यांचं म्हणणं. नंतरच्या पिढीतले बरेच जण तयार ट्यूबच लिहितात. उघड्या डबीत बोटं घालून घालून मलम खराब होतं, आणि मिसळणाऱ्याचा हात रोज सारखा नसतो, हे त्यांचं कारण. आम्हाला दोघांचंही पटतं. पण दोघेही एका गोष्टीवर एक आहेत. मेडिकलवाल्याने स्वतःच्या मनाने दोन ट्यूब एका डबीत कालवून द्यायच्या नाहीत. सारख्या मापाच्या दोन ट्यूब कालवल्या की दोन्ही औषधांची ताकद निम्मी होते, हे तर साधं गणित आहे.

आणि एक जुनी गोष्ट, जी आम्हाला फार आवडते. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराने माणसं पटापट मरत होती आणि सलाईन संपलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पिशव्या भरून घेतल्या, छावणीत त्या पाण्यात विरघळवल्या आणि नातेवाइकांच्या हातूनच रुग्णांना पाजायला लावल्या. मृत्यूचं प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. हेही हाताने मिसळलेलं औषधच. पण त्यात काय आहे आणि किती आहे हे पाजणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. आज ओआरएसचं पाकीट आरोग्य केंद्रात मिळतं. नसेलच हाताशी, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर मुलाला अपाय होतो, म्हणून चमचा शीग लावून भरायचा नाही.

पुडीत काय असतं

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गुडघे, कंबर, संधिवात, दमा यांवर बाजारात, जत्रेत किंवा काही दवाखान्यांत मिळणारी निनावी पुडी. ती घेतली की दोन दिवसांत माणूस उठून शेतात जातो. शेजारीण पाहते, तीही जाते, आणि एका पुडीवर अख्खी आळी लागते. इतक्या झटपट, इतक्या सगळ्या दुखण्यांवर चालणारं औषध पाहिलं की डॉक्टरांना पहिली शंका येते ती स्टेरॉईडची. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही त्यांची नावं. गोळ्या अगदी स्वस्त आहेत, चुरल्या की ओळखू येत नाहीत. काही वेळा 'जडीबुटीचं चूर्ण' म्हणून दिलेल्या भुकटीतही त्या निघतात.

स्टेरॉईड हे विष नाही. दम्याचा झटका, संधिवाताचे काही प्रकार, काही गंभीर आजार यांत ते जीव वाचवतं, आणि तज्ज्ञ डॉक्टर ते मोजून, ठरावीक दिवस, तपासण्या करत देतात. पण नकळत महिनोन्महिने पोटात गेलं की चेहरा गोल आणि फुगीर होतो, पोट सुटतं, हातपाय काटकुळे राहतात, कातडी पातळ होऊन जरा लागलं की काळानिळा डाग पडतो. साखर वाढते, बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात. अंगातला टीबी दबून राहतो आणि मग उसळतो. घरचे म्हणतात, तब्येत सुधारली, अंग भरलं. डॉक्टर मात्र त्या भरलेल्या अंगाकडे पाहूनच विचारतात, "पुडी कुठून घेता?"

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण ती जिवाशी येते. हा लेख वाचून उद्यापासून पुडी एकदम बंद करू नका. बाहेरून स्टेरॉईड येत राहिलं की शरीरातल्या ग्रंथी आपलं नैसर्गिक स्टेरॉईड बनवणं थांबवतात. पुडी काही आठवडे किंवा महिने रोज चालू असेल आणि ती अचानक थांबवली, तर गळून जाणं, उलट्या, चक्कर, बीपी खाली जाणं, बेशुद्धी येऊ शकते आणि माणूस दगावूही शकतो. उरलेल्या पुड्या बरोबर घ्या, किती महिने घेतल्या ते सांगा, आणि सरकारी रुग्णालयातल्या किंवा ओळखीच्या एमडी मेडिसिन डॉक्टरांकडे जा. ते रक्त तपासतील आणि औषध हळूहळू कमी करत आणतील. ऑपरेशन ठरलं असेल किंवा अपघात झाला असेल तरी डॉक्टरांना ही गोष्ट आधी सांगायची, लाजायचं नाही.

मलमाचंही तसंच. नायटा, गजकर्ण यांवर स्टेरॉईड मिसळलेलं मलम लावलं की खाज दोन दिवसांत थांबते. बुरशी मरत नाही, पसरते, आणि डॉक्टरांना ओळखू येणार नाही असं तिचं रूप बदलतं. घराघरांत वर्षानुवर्षं न जाणारा नायटा आज दिसतो, त्यामागे हे एक मोठं कारण असल्याचं त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. कातडीवर लावायची स्टेरॉईड मलमं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्ही-आम्ही पाहतोच. तोंडावर 'उजळ' होण्यासाठी पार्लरमधून डबीत दिलेल्या क्रीमची गोष्ट त्याहून वाईट. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींच्या किडन्यांना इजा झाल्याचं उघड झालं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा त्या लावत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडला. क्रीम साध्या डबीत होतं, त्यात काय आहे हे लावणाऱ्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. आपल्या मुलींना काळी-गोरी यावरून बोलणारे नातेवाईकही या डबीचे गिऱ्हाईक तयार करतात, हे आम्ही स्पष्ट म्हणतो.

"मग कारखान्यातलं औषध तरी कुठे सुरक्षित आहे?" असा प्रश्न कोणी विचारला तर तो चुकीचा नाही. १९८६ साली मुंबईच्या जेजे रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन दिल्याने १४ रुग्ण दगावले. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचं रसायन होतं, ते किडन्या निकामी करतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. जवळपास चाळीस वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची वीसहून जास्त लहान मुलं खोकल्याच्या सिरपने गेली. त्यातली कितीतरी नागपूरच्या रुग्णालयांत आणली होती. रसायन तेच. तरीही एक फरक आहे. त्या बाटलीवर कंपनीचं नाव होतं आणि बॅच क्रमांक होता, म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला त्या बॅचचा इशारा काढता आला, दुकानातल्या बाटल्या शोधता आल्या. निनावी पुडीने आपल्या वस्तीत कोणी दगावलं, तर कशाचा इशारा काढणार आणि कोणाला शोधणार?

मोठ्या देशांतही हाताने केलेल्या औषधांनी घात केला आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका कंपाउंडिंग फार्मसीने पाठदुखीसाठी मणक्यात द्यायचं स्टेरॉईडचं इंजेक्शन तयार केलं. स्वच्छता पाळली नव्हती, बाटल्यांत बुरशी होती. ७५० हून जास्त लोकांना मेंदूज्वर आणि इतर संसर्ग झाले, त्यातले साठहून जास्त दगावले. पुढच्याच वर्षी तिथे कायदा कडक झाला. तिथल्या डॉक्टरांचं मत साधारण असं स्थिरावलं आहे: रुग्णाला तयार औषधातल्या एखाद्या घटकाची ॲलर्जी असेल, हवी ती ताकद किंवा रूप मिळतच नसेल, तरच कंपाउंडिंग, केवळ स्वस्त पडतं किंवा दुकानदार सुचवतो म्हणून नाही.

दवाखान्यातून औषध देणाऱ्या डॉक्टरांची बाजू

छोट्या गावांतले बरेच डॉक्टर तपासणीच्या पैशातच सुट्या गोळ्या देतात. आम्ही त्या सगळ्यांना एका माळेत ओवणार नाही. जत, आटपाडी, माण, खटाव भागात मेडिकल दूर असतं, रुग्णाकडे दोनदा पैसे मोजायची ऐपत नसते, चिठ्ठी दिली तर औषध आणलंच जात नाही. डॉक्टर घाऊक घेतात, त्यांना स्वस्त पडतं, रुग्णालाही पडतं. कायद्यानेही नोंदणीकृत डॉक्टर स्वतःच्या रुग्णाला स्वतः औषध देऊ शकतो. त्याने उघडं दुकान थाटून इतरांच्या चिठ्ठ्यांवर औषधं विकायची नाहीत, एवढी अट आहे.

पण त्याच डॉक्टरांच्या व्यवसायाची २००२ ची आचारसंहिता आणखी दोन गोष्टी सांगते. दिलेल्या औषधावर त्याचा घटक आणि मूळ नाव स्पष्ट असावं. आणि ज्यात काय आहे हे स्वतः डॉक्टरलाच माहीत नाही, असं गुप्त औषध देणं अनैतिक आणि निषिद्ध आहे. म्हणजे "त्यात काय आहे ते तुम्हाला कळणार नाही, घ्या गुमान" हे वाक्य डॉक्टरांच्या स्वतःच्या नियमात बसत नाही. पुडीत काय आहे हे विचारणं म्हणजे डॉक्टरचा अपमान नव्हे. चांगला डॉक्टर लगेच चिठ्ठीवर नाव लिहून देतो. आवाज चढवणारा डॉक्टर आपल्याला बरंच काही न विचारताच सांगून जातो.

फार्मासिस्टने चिठ्ठीवरून औषध तयार करून दिलं, तर त्या बाटलीवर किंवा डबीवर काय लिहिलेलं असावं हे १९४५ च्या नियमांत आहे: देणाऱ्याचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषधाचं प्रमाण, नोंदवहीतला क्रमांक आणि पोटात घ्यायचं असेल तर डोस. आम्ही यात दोन गोष्टी वाढवून मागायला सांगतो: तयार केल्याची तारीख आणि किती दिवसांत संपवायचं. पेनने लिहून दिलं तरी चालतं. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाला बरोबर न्यावं, त्याच्याकडून तिथेच वाचून घ्यावं.

आपणही घरात रोज थोडं कंपाउंडिंग करतोच. मुलांच्या अँटिबायोटिकची कोरडी पावडर बाटलीत येते, पाणी आपण घालतो. ते पाणी उकळून गार केलेलं असावं. बाटली आधी हलवून पावडर मोकळी करावी, मग पाणी थोडं घालून हलवावं आणि पुन्हा खुणेपर्यंत भरावं. फेस खाली बसल्यावर खूण बघायची, नाहीतर औषध दाट होतं. लेबलवर लिहिलेल्या दिवसांनंतर, बहुतेकांचं आठवडाभर, उरलेलं टाकून द्यावं. पुढच्या तापाला ठेवू नये. काही पावडरींचं पातळ औषध फ्रिजमध्येच ठेवावं लागतं. घरात फ्रिज नसेल तर डॉक्टरांना तसं आधीच सांगावं. पाण्यात विरघळणारी गोळी त्यांना बऱ्याचदा लिहून देता येते.

तापाच्या औषधात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. तान्ह्या बाळांच्या पॅरासिटामॉल थेंबांत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं. साध्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५, आणि जास्त ताकदीच्या सिरपमध्ये २५०. थेंबांची बाटली घेऊन सिरपच्या मापाने पाच मिलिलिटर पाजलं तर बाळाला चौपट डोस जातो आणि यकृताला इजा होऊ शकते. म्हणून थेंब त्यांच्याच ड्रॉपरने, सिरप त्याच्याच झाकणाने किंवा सिरिंजने. चहाचा चमचा कोणाच्या घरी तीन मिलिलिटरचा, कोणाच्या घरी सातचा.

गोळी मोडायची किंवा चुरायची असेल तर आधी विचारावं. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर किंवा सीआर असं लिहिलेलं असतं, ती दिवसभर हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली असते. बीपीची, साखरेची, फिट्सची अशी गोळी चुरून दिली तर दिवसाचं औषध तासाभरात अंगात जातं. गिळता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात हे हमखास घडतं. अशा वेळी डॉक्टरांना सांगून पातळ औषध किंवा साधी गोळी लिहून घ्यावी.

एखाद्या पुडीने, मलमाने किंवा थेंबाने त्रास झाला तर उरलेलं औषध फेकू नका. कागद, डबी, चिठ्ठी, पैसे दिल्याची पावती किंवा फोनवरची नोंद, सगळं एका पिशवीत कोरड्या जागी ठेवा. आधी रुग्णाला रुग्णालयात न्या आणि ती पिशवी डॉक्टरांना दाखवा. नंतर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. पुडीतला नमुना थोडा तरी शिल्लक असेल तर तपासणी होऊ शकते, त्यामुळे शेवटची पुडी कोणी पोटात घेऊ नये.